बुद्धपौर्णिमा, पोखरण आणि निर्बंधांचा कायदा



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीने आम्हाला सांगितले, "इतिहासावर लिहा, पण दरवर्षीचं नको." दरवर्षीचे म्हणजे विहार कसा उभा राहिला, पत्रे कोणी दिली, सिमेंट कोणी दिले हे. ते सगळ्यांना पाठ आहे. म्हणून आम्ही असा एक विषय घेतला आहे की जो वरून पाहता विहाराशी संबंध नसलेला वाटेल. पण तो आमच्यासाठी विहाराच्या ओट्यावरच सुरू झाला.

दिवस होता ११ मे १९९८, सोमवार. वैशाखी पौर्णिमा. नांदेडचे मे महिन्यातले ऊन कसे असते ते सांगायला नको. सकाळी धम्मध्वज लावून झाला, त्रिशरण-पंचशील झाले, दुपारनंतर खीरदान सुरू झाले. संध्याकाळी मिरवणुकीची तयारी चाललेली असताना कोणीतरी धावत सांगत आले की टीव्हीवर पंतप्रधान बोलले. राजस्थानात पोखरणला दुपारी पावणेचारला तीन अणुस्फोट केले म्हणे. म्हणजे आम्ही खिरीची पातेली सावरत होतो त्याच वेळेला! आमची पोरे हरखून गेली. दोघातिघांनी मिरवणुकीसाठी आणलेले फटाके तिथेच लावले. खोटे कशाला बोलावे, आमचीही छाती जरा फुगली होती. एक वयस्कर आजी मात्र ओट्यावर बसून म्हणाल्या, "आजचाच दिस सापडला का ह्यांना?"

१३ मेला आणखी दोन स्फोट झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी भारतावर निर्बंध लावले. मग रोज पेपरात तोच शब्द. ओट्यावर बसणाऱ्या एका काकांनी विचारले, "मास्तर, निर्बंध म्हणजे नेमकं काय हो? आपल्याला काय होणार त्याचं?" तेव्हा आम्हाला धड उत्तर देता आले नाही. काका आता नाहीत. उत्तर उशिराने इथे देत आहोत.

आधी आमच्या मनातला एक सल सांगतो. भारताचा पहिला अणुस्फोट १८ मे १९७४ रोजी पोखरणलाच झाला. त्याचे सांकेतिक नाव 'स्मायलिंग बुद्धा' म्हणून जगभर गाजले, आणि "बुद्ध हसला" असा निरोप दिल्लीला पोचवला गेला असे सांगतात. सरकारने त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटले होते. कितीतरी पुस्तकांत छापलेले असते की तो दिवसही बुद्धपौर्णिमेचा होता. आम्हीही भाषणात तसेच सांगत आलो. पुढे एकदा तिथी मोजून पाहिली तर काय, त्या वर्षीची वैशाखी पौर्णिमा ६ मेला होऊन गेली होती! १८ मेला चंद्र क्षीण होत अमावास्येकडे चालला होता. म्हणजे १९७४ ला तथागतांचे फक्त नाव घेतले गेले. तिथी जुळली ती १९९८ ला. चूक आमचीही होती, म्हणून ती इथे दुरुस्त करून ठेवतो. पण ज्यांनी अंगुलिमालाच्या हातातले शस्त्र खाली ठेवायला लावले त्यांचे नाव बॉम्बला का दिले, याचे उत्तर आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळालेले नाही.

आता कायद्याकडे वळू. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातूनच जाते, तारापूरवरून.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. दोन्ही भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या. वीज महाराष्ट्र आणि गुजरातला. या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम, म्हणजे मुद्दाम ताकद वाढवलेले युरेनियम, आपल्याकडे तयार होत नव्हते. १९६३ साली अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला होता की इंधन अमेरिका देईल आणि भारत ते दुसरीकडून घेणार नाही. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

१९७४ च्या स्फोटाने ते बिघडले. त्या स्फोटाचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाने दिलेली आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेचे; दोन्ही शांततेच्या कामासाठी वापरू असे सांगून घेतलेले. कॅनडाने सहकार्य थांबवले. अणुसामान पुरवणाऱ्या देशांनी लंडनला बैठका घेऊन स्वतःचा एक गट केला आणि कोणाला काय विकायचे, कोणाला नाही, याचे नियम ठरवले. अमेरिकेने एकामागून एक कायदे केले. १९७६ ची सिमिंग्टन दुरुस्ती, १९७७ ची ग्लेन दुरुस्ती, आणि १० मार्च १९७८ ला अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने झालेला अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा. या शेवटच्या कायद्याचे म्हणणे असे, की ज्या देशाला आमचे इंधन पाहिजे त्याने आपली सगळीच्या सगळी अणुकेंद्रे तपासणीला उघडी ठेवावीत. एकटे तारापूर उघडे ठेवून भागणार नाही.

भारताने विचारले, करार १९६३ चा, कायदा १९७८ चा. जुन्या कराराला नवी अट कशी? आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाडव्याला साल धरताना एक बोली करायची आणि पेरणीच्या तोंडावर दुसरीच सांगायची, हे आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ सोसले आहे. सालगड्याने तक्रार कोणाकडे करायची? १९८० साली कार्टर यांनीच तारापूरसाठी ३८ टन इंधन सोडायला मंजुरी दिली, तेव्हा ती सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी जेमतेम दोन मतांनी वाचली. शेवटी १९८२ साली इंदिरा गांधी आणि अध्यक्ष रेगन यांच्यात तोडगा निघाला की इंधन फ्रान्सने द्यावे. १९९३ ला मूळ कराराची मुदत संपल्यावर चीनने दिले, पुढे रशियाने. वापरून झालेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही आणि त्यावर प्रक्रियाही करू दिली नाही. ते तारापूरलाच साठत राहिले.

मात्र एक गोष्ट सरळपणाने मान्य केली पाहिजे. कॅनडाचा आणि अमेरिकेचा रागही काही अगदी उगाच नव्हता. शांततेच्या कामाला म्हणून मागून आणलेल्या वस्तूचा असा उपयोग झाला तर देणारा बिथरणारच. शब्दाला शब्द भिडवून आपल्या सरकारने बाजू मांडली, पण शब्दाच्या पलीकडे विश्वास नावाची गोष्ट असते.

आता त्या मोठ्या कराराबद्दल. १ जुलै १९६८ ला सह्यांसाठी खुला झालेला आणि ५ मार्च १९७० ला अंमलात आलेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार आम्ही पहिल्यांदा मराठीतून समजून घेतला तेव्हा थक्क झालो. त्यात जगातले देश दोन प्रकारचे. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी अणुस्फोट केला ते अण्वस्त्रधारी. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. बाकीचे सगळे बिगर-अण्वस्त्रधारी. पहिल्यांनी शस्त्रे कमी करायची बोलणी प्रामाणिकपणे करावीत, एवढेच. दुसऱ्यांनी शस्त्र हातात घ्यायचेच नाही. म्हणजे पात्रता कशावरून ठरली, तर तारखेवरून! तुम्ही त्या तारखेच्या अलीकडे जन्मलात की पलीकडे. बाबासाहेबांची लेकरे असल्यामुळे आम्हाला याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. जन्मावरून अधिकार ठरवणारी व्यवस्था आम्ही ओळखतो.

भारताने या करारावर सही केली नाही आणि कारणही हेच दिले. १९९५ साली हा करार कायमचा वाढवण्यात आला, तो दिवसही ११ मेच होता. १९९८ नंतर आपल्या नेत्यांनी परदेशात जाऊन याला अणुक्षेत्रातला वर्णभेद म्हटले. बरोबरच होते ते. फक्त आमच्या मनात एक बारीकशी गंमत येऊन गेली: राष्ट्राराष्ट्रांतली शिवाशिव ज्यांना इतकी बोचली, त्यांना आपल्याच गावातल्या पाणवठ्यावरची कधी बोचली असती तर!

असो. पुन्हा १९९८ कडे येऊ.

१९९४ साली अमेरिकेने ग्लेन यांचाच कायदा आणखी कडक केला होता. बिगर-अण्वस्त्रधारी देशाने स्फोट केला की मदत बंद, शस्त्रविक्री बंद, सरकारी कर्जहमी बंद, सरकारला खासगी बँकांचे कर्ज बंद, शस्त्रालाही उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान बंद, आणि जागतिक बँकेत त्या देशाच्या कर्जाला विरोध. सूट फक्त अन्नधान्याला आणि माणुसकीच्या मदतीला. अध्यक्षांना सवलत देण्याची मुभाच कायद्यात ठेवलेली नव्हती. म्हणून क्लिंटन यांना दोन दिवसांत सही करावी लागली. २८ आणि ३० मेला पाकिस्तानने स्फोट केले आणि त्यांच्यावरही तेच आले.

जागतिक बँकेचे नाव पेपरात आले आणि लातूरकडच्या आमच्या पाहुण्यांच्या पोटात गोळा आला. का ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची ठरली आणि त्या पुनर्वसनाचा मोठा भाग १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेला होता. कोणाचे घर झालेले, कोणाची दुरुस्ती व्हायची, कोणाचा हप्ता अडकलेला. अशात कोणीतरी आवई उठवली, "बाँब फोडला, आता बँकेचा पैसा बंद." आमचे एक साडू निलंग्याहून मुद्दाम विचारायला आले होते.

खरी गोष्ट अशी होती की निर्बंध नव्या कर्जांवर होते. आधी मंजूर झालेले काम थांबले नाही, आणि लोकांच्या मूलभूत गरजांची कर्जे वगळलेली होती. मे महिन्याच्या अखेरीस बँकेने भारताच्या काही नव्या कर्जांचा निर्णय पुढे ढकलला, त्यांत भूकंपग्रस्तांची घरे नव्हती. साडूंना आम्ही हे तेव्हा सांगू शकलो नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हते. ते तसेच चिंतेत परत गेले. कायदा वॉशिंग्टनला होतो आणि झोप निलंग्यात उडते. ती झोप कोणाच्या हिशोबात धरत नाहीत.

जपाननेही नवी कर्जे आणि अनुदाने थांबवली. हिरोशिमा-नागासाकी भोगलेला देश. त्याने रागावावे हे आम्हाला पटले. पण आपल्या मराठवाड्याचे जपानशी एक वेगळे नाते आहे. अजिंठा-वेरूळच्या जतनाचा आणि तिथल्या सोयींचा जो प्रकल्प झाला तो जपानच्या कर्जावर. पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा, दुसऱ्याचा मार्च २००३ चा. मधल्या काळात, मे १९९८ पासून ऑक्टोबर २००१ पर्यंत, भारतासाठी जपानच्या नव्या कर्जांचे दार बंद होते. ज्या बुद्धाच्या पौर्णिमेला स्फोट झाला त्याच बुद्धाची लेणी जपणारा हात त्या स्फोटाने दुखावला, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता गव्हाची गंमत ऐका. निर्बंध लावून दोन महिने होत नाहीत तोच अमेरिकेच्या शेतकऱ्यांनी ओरड केली. पाकिस्तान त्यांचा गहू उधारीवर विकत घेणारा मोठा गिऱ्हाईक आणि गव्हाची निविदा तोंडावर आलेली. जुलै १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने घाईघाईने नवा कायदा करून शेतमालाच्या उधारीला निर्बंधांतून बाहेर काढले. ऑक्टोबरमध्ये आणखी एक कायदा करून अध्यक्षांना सवलतीचे अधिकार दिले. आमचा आक्षेप शेतकऱ्यांवर नाही. त्यांनी आपल्या पिकाची काळजी केली, आपण कापसाची करतो तशी. पण जगाच्या शांततेसाठी म्हणून ठोकलेली मेख कुठल्या धक्क्याने पहिल्यांदा हलली ते पाहण्यासारखे आहे.

तिकडे तंत्रज्ञानावरची बंदी मात्र चिवट निघाली. नोव्हेंबर १९९८ ला अमेरिकेने भारतातल्या कितीतरी संस्थांची आणि कारखान्यांची यादीच काढली. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र त्यात होतेच. अशी अडवणूक जुनीच. त्याआधी मोठा अमेरिकी संगणक नाकारला म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या चमूने 'परम ८०००' उभा केला. १९९२ साली रशियाकडून रॉकेटचे क्रायोजेनिक इंजिन घ्यायचे ठरले होते तर इस्रोवर निर्बंध. तेही आपण पुढे स्वतः केले. त्यामुळे निर्बंधांनी आपले भलेच केले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसे म्हणणार नाही. शाळेबाहेर बसवलेला एखादा मुलगा शिकून मोठा झाला म्हणून बाहेर बसवणे चांगले ठरत नाही.

निर्बंध उठले कसे? भारताने अण्वस्त्रे टाकून दिली म्हणून नव्हे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे पडले, अमेरिकेला अफगाणिस्तानात जायचे होते, मित्र हवे होते. २२ सप्टेंबर २००१ ला भारत-पाकिस्तान दोघांवरचे अणुस्फोटाचे निर्बंध मागे घेतले गेले. ६ सप्टेंबर २००८ ला तर त्या पुरवठादार देशांच्या गटानेच भारताला खास सूट दिली. हा गट १९७४ च्या स्फोटामुळे जन्माला आला होता हे ध्यानात घ्या.

एवढे वाचून कोणी म्हणेल की हे सगळे कायदे म्हणजे नुसते ढोंग. तसेही नाही. पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी हॉलंडमधून युरेनियम समृद्ध करण्याची विद्या नेली आणि पुढे ती इराण, लिबिया, उत्तर कोरियाला पुरवली. ४ फेब्रुवारी २००४ ला त्यांनी टीव्हीवर कबुली दिली तेव्हा जग हादरले. बाजारात भाजीसारखा बॉम्बचा नकाशा मिळू लागला तर कोण वाचणार? त्यानंतर २८ एप्रिल २००४ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून प्रत्येक देशाला असा व्यवहार गुन्हा ठरवणारा कायदा करायला लावला. भारताने २००५ साली तो केला. अणु, रासायनिक आणि जैविक अशा सर्वसंहारक शस्त्रांचा आणि ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांचा बेकायदा व्यवहार केला तर कमीत कमी पाच वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. २०२२ साली दुरुस्ती करून अशा व्यवहाराला पैसा पुरवणेही गुन्हा ठरवले. म्हणजे ज्या देशावर इतकी वर्षे निर्बंध होते, त्याच्याच कायद्याच्या पुस्तकात आज दुसऱ्याला अडवणारा कायदा आहे.

आणि त्याच वेळी आपण विकणारेही झालो आहोत. २०२२ साली फिलिपाइन्सशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार झाला, २०२४ च्या एप्रिलमध्ये पहिला माल गेला. २०२३-२४ साली देशाची संरक्षण निर्यात २१ हजार कोटींच्या वर गेली. पेपरात ही बातमी अभिमानाने येते.

इथे आम्हाला अंगुत्तर निकायातले वणिज्ज सुत्त आठवते. फार छोटे आहे. तथागत उपासकांना सांगतात की पाच व्यापार करू नका: शस्त्राचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा शस्त्रव्यापारबंदीचा नियमच म्हणा. पण त्यात आणि वरच्या सगळ्या कायद्यांत एक फरक आहे. त्या कायद्यांत विकणारा घेणाऱ्याला बांधतो. सुत्तात विकणाराच स्वतःला बांधून घेतो.

आम्ही फौजेच्या विरुद्ध नाही. आपल्या कितीतरी घरांत महार रेजिमेंटचा फोटो आहे. १९४१ साली ती उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी केलेली खटपट आम्ही विसरलेलो नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्येही बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. ज्याला शेवटी शस्त्र धरावेच लागते तो एक, आणि ज्याचा धंदाच शस्त्रावर चालतो तो दुसरा, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. कोणाला वेगळा लागला तर त्यांनी जरूर सांगावे.

गेल्या वर्षावासात विहारात हे सुत्त वाचले गेले. श्रोत्यांत एक गृहस्थ होते. आयुष्यभर विदर्भातल्या आयुध कारखान्यात नोकरी करून ते आता मुलाकडे नांदेडला राहायला आले आहेत. वाचन संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "भंतेजी, तीस वर्षं गोळ्या भरल्या मी. त्याच पगारावर पोरं शिकली, त्याच पेन्शनीतून दर पौर्णिमेला इथं दान देतो. माझी ती मिथ्या आजीविका झाली का?"

भंतेजी लगेच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की माल कुठे जायचा हे तुम्हाला माहीत होते का. गृहस्थ म्हणाले, पेट्यांवर नंबर असायचे, नाव नसायचे. समोर बसलेली कॉलेजची पोरे आपसात बोलू लागली. त्यांतला एक मुलगा लातूरहून आयटीआय करून आलेला, आणि अशाच एका कारखान्याचा अप्रेंटिसचा फॉर्म त्याने नुकताच भरलेला होता. त्याने हात वर करून विचारले, "मग आम्ही जावं का नाही, भंतेजी?" त्या रात्री दहा वाजेपर्यंत विहाराचा दिवा चालू होता. पोराला शेवटी काय सांगायचे यावर आमच्यात एकमत झाले नाही. त्याचा कॉल मात्र पुढच्या महिन्यात आला.